कोट्यातली पोर

वसईत बास्केटबॉल आमच्या कठड्यावरच्या माणसांइतकं कोणालाच कळत नाही, हे आम्हीच एकमेकांना सांगून पक्कं केलं होतं. एका कॉलेजच्या मागच्या बाजूला कोर्ट आहे आणि कोर्टाच्या एका अंगाला सिमेंटचा गुडघाभर उंचीचा कठडा. कॉलेजांच्या आपापसातल्या सामन्यांचा मोसम आला की दुपारी चारला आम्ही तिथे हजर. मी बँकेतून निवृत्त झालेला, बोळिंजच्या एका कॉम्प्लेक्समध्ये राहणारा. शेजारी माझा कॉलेजातला जुना मित्र. त्याची निर्मळकडे केळीची आणि सोनचाफ्याची वाडी आहे, म्हणून सगळे त्याला वाडीवाले म्हणतात. बाकीचे चार-पाच जण येऊन-जाऊन. कोणाचा मुलगा खेळत असायचा, कोणाची पुतणी. काहींचं कोणीच खेळत नसे, त्यांना नुसतं बोलायला आवडे. मी त्यांच्यातला.

कठड्याची एक पद्धत होती. मोसम संपत आला की प्रत्येक खेळाडूवर शिक्का मारायचा. शिक्के चार. पहिला 'कॉलेज'. म्हणजे हा तीन वर्षं खेळेल, टी-शर्ट जपून ठेवेल आणि लग्नानंतर पोट सुटलं की तोच टी-शर्ट घालून भाजी आणायला जाईल. दुसरा 'विद्यापीठ', तिसरा 'राज्य'. आणि सगळ्यांच्या वरचा 'कोट्यातला'. म्हणजे हा खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळवेपर्यंत थांबणार नाही. परदेशात कॉलेजचे सामने टीव्हीवर दाखवतात, पोरं हां हां म्हणता नावारूपाला येतात, हे आम्ही मोबाइलवर बघतो. आमच्याकडे खेळाचं शेवटचं टोक म्हणजे कायम नोकरीचा कागद. तो आला की आई पेढे वाटते आणि पोरगा बूट माळ्यावर टाकतो. यात काही चुकीचं आहे असं मला अजूनही वाटत नाही.

वाद सगळे घालायचे, पण शिक्का मीच मारायचा, कारण कठड्यावर विद्यापीठाच्या संघात गेलेला मी एकटा होतो. हे खरंच आहे, गेलो होतो. मात्र त्या अख्ख्या स्पर्धेत मी बाकावर बसून होतो. एक मिनिटसुद्धा मला आत घेतलं नाही. ही गोष्ट मी वाडीवाल्यांनाही कधी सांगितली नाही. लोक 'तुम्ही खेळलेले आहात' म्हणायचे आणि मी मान हलवायचो. मान हलवायला काय लागतं?

ती पहिल्या वर्षाला आली तेव्हा तिच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. पाचूबंदरची पोर, उंचीने बेताचीच, केस घट्ट बांधलेले. बास्केटबॉलमध्ये उंची नसली की आमचे लोक आधीच 'कॉलेज' म्हणून मोकळे होतात. त्या दिवशी समोरच्या संघातली एक ताडमाड मुलगी चेंडू आपटत निवांत येत होती. ही तिच्या समोर आली, हात घातला, चेंडू काढून घेतला आणि डावीकडून अशी सुटली की कठड्यावरच्या एकाच्या हातातला चहा त्याच्याच मांडीवर सांडला. बास्केट झाल्यावर ती ओरडली नाही, नाचली नाही. जागेवर येऊन उभी राहिली. पुढच्या दहा मिनिटांत हेच तिने आणखी दोनदा केलं, दोन्ही वेळा डाव्या हाताने, डावीकडून.

"कोट्यातली," मी म्हणालो.

पहिल्या वर्षाच्या पोरीवर एवढ्या लवकर हा शिक्का कठड्याने कधी मारला नव्हता. वाडीवाले म्हणाले, "अरे, मोसम तर संपू दे." मी म्हणालो, "मोसम संपेपर्यंत आंधळ्यालाही दिसेल. आज दिसायला डोळे लागतात."

मागे एक माणूस उभा होता. रापलेला, अंगात धुतलेला पांढरा शर्ट, हातात चपला. चपला का काढल्या होत्या कोण जाणे, बहुतेक कोर्ट म्हणजे देवळासारखी जागा वाटली असेल. तो पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, ती माझी पोर हाय. तुम्ही आता काय बोल्लात ते परत बोला ना."

मी परत बोललो. कोटा म्हणजे काय, प्रमाणपत्रं कोणती लागतात, कुठपर्यंत खेळावं लागतं, सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत होता, मधेमधे "बरं, बरं" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "आमच्यात कोनी नोकरीला नाय. सगळे पान्यातच." त्या दिवसापासून बोट किनाऱ्याला असली की तो कठड्यावर येऊन बसायला लागला. येताना कधीकधी पिशवीभर सुके बोंबील आणायचा, माझ्यासाठी. मी नको म्हणायचो आणि घ्यायचो.

तिच्या त्या चेंडू हिसकावण्याचा व्हिडिओ कोणीतरी आमच्या ग्रुपवर टाकला होता. मी खाली लिहिलं, 'ही कोट्यातली आहे, लिहून ठेवा.' तिचा बाप सांगायचा की तो व्हिडिओ बंदरावर सगळ्यांकडे गेला आहे, माझ्या शब्दांसकट. मासळीच्या लिलावाला आलेल्या बायका तिच्या आईला विचारायच्या, कधी लागणार पोरगी? एक स्थळ आलं होतं, घरच्या दोन बोटी असलेलं, चांगलं. बापाने सांगितलं, आधी नोकरी. हे त्याने मला अभिमानाने सांगितलं आणि मीही अभिमानाने ऐकलं. कोणाच्या तरी घरात आपल्या शब्दाने काही ठरतं, याची नशा काय असते ते बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासणाऱ्या माणसाला विचारा.

पोर मात्र खरंच तशी होती, हे मी आजही सांगतो. दुसऱ्या वर्षी ती विद्यापीठाच्या संघात गेली आणि खेळली. परत आली ती आणखी शांत होऊन. आमच्यासमोरून जाताना "काका" म्हणून मान लववायची. तिसऱ्या वर्षी राज्याची निवड व्हायची होती. कठड्यावर सगळे तेवढंच बोलत होते.

त्या वर्षी ती डावीकडे जाईना.

पहिल्या सामन्यात मला वाटलं, असेल एखादा दिवस. दुसऱ्या सामन्यातही तेच. चेंडू मिळाला की उजवीकडे दोन पावलं आणि पास. समोर मोकळी जागा दिसतेय, अख्ख्या जगाला दिसतेय, आणि ही पास देतेय. मला राग यायला लागला. खोटं कशाला बोलू, तो राग तिच्यावरचा नव्हता, माझा शिक्का खोटा पडतोय याचा होता. तिसरा सामना उपांत्य फेरीचा. तिचा संघ सहा-सात गुणांनी मागे. तिचा बाप माझ्या डाव्या बाजूला बसलेला, मांडीवर दोन्ही हात.

"पाय ओढतेय बघा," मी मोठ्याने म्हणालो. "आळस भरलाय अंगात. डोक्यात हवा गेली, दुसरं काय."

वाडीवाले म्हणाले, "अरे, दुखत असेल काहीतरी तिला."

"ज्याला दुखतं तो बाहेर बसतो. ही खेळतेय ना? मग खेळायचं नीट. नाटकं कसली करायची?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात ते हेच. बापाने माझ्याकडे पाहिलं. "आळस करते, साहेब?"

"करतेय म्हणजे काय, दिसतंय की. असं खेळली तर राज्यबिज्य विसरा."

मध्यंतर झालं तसा तो उठला, कठडा ओलांडून कोर्टाच्या कडेला गेला. पोर पाणी पीत होती. तो वाकून काहीतरी बोलला, अर्धं मिनिट असेल. तिने बाटलीचं झाकण लावलं, मान हलवली आणि आमच्या कठड्याकडे एकदा पाहिलं. मी हात वर केला, जसा शाबासकीला करतात तसा.

उत्तरार्ध सुरू झाला आणि दुसऱ्याच चेंडूला ती डावीकडून गेली. तीच चाल, तोच वेग. मी उभा राहून ओरडलो, "बघा! आता बघा!" कठडाही ओरडला. तिने उडी मारली, चेंडू रिंगमध्ये टाकला आणि खाली आली ती डाव्या पायावर. गुडघा आत वळला. ती उठली नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून बसली आणि तोंड उघडं, पण आवाज नाही. बास्केट धरली गेली. फळ्यावर दोन गुण लिहिले गेले.

तिला उचलून नेल्यावर तिच्या प्रशिक्षक मॅडम पाण्याच्या टाकीपाशी रडत उभ्या होत्या. मी सांत्वन करायला गेलो. त्या म्हणाल्या, "मी तिला बजावलं होतं, डावीकडे जायचं नाही म्हणून. पंधरा दिवस गुडघा सुजतोय. मोज्याखाली पट्टी बांधून खेळतेय. मी म्हटलं, फक्त पास दे, निवडीपर्यंत सांभाळ. व्यवस्थित ऐकत होती हो! अचानक काय झालं तिला?"

काय झालं ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "पोरांचं असंच असतं." हे वाक्य आठवलं की माझा मलाच राग येतो. चाळीस वर्षं खेळ बघणारा माणूस मी. सुजलेला गुडघा मला दिसला नाही आणि आळस दिसला.

ऑपरेशन झालं. महिन्याभराने मी पाचूबंदरला गेलो. कठड्यावरचं कोणी गेलं नव्हतं, मलाही जायचं नव्हतं, पण वाडीवाल्यांनी केळ्यांचा घड पिशवीत घालून माझ्या स्कूटरवर पायाशी ठेवला आणि म्हणाले, "एवढं देऊन ये." पोरीच्या घरासमोर बांबूंवर मासळी वाळत होती. बापाने माझ्यासाठी खुर्ची सावलीत ठेवली आणि स्वतः पायरीवर बसला. ती आत पलंगावर होती, पाय उशीवर. मी तिच्या अभ्यासाची चौकशी केली. चहा झाला.

निघताना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मी तिला बोल्लो, साहेब म्हनतात तू आळस करते. त्यांना कळतं, आपल्याला नाय कळत. तिने मना सांगायला पायजे होतं ना, गुडघा दुखतो म्हनून? काय बोल्ली नाय. खाली मान घालून गेली." त्याच्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हता. तो स्वतःला दोष देत होता आणि थोडासा तिलाही. तिसरा दोषी समोर केळ्यांची रिकामी पिशवी घेऊन उभा होता, तो त्याच्या लक्षातच आला नाही. मी म्हणायला हवं होतं की चूक माझी. जिभेवर आलंही होतं. मी म्हणालो, "होईल सगळं ठीक," आणि स्कूटर काढली.

राज्याची निवड तिच्याशिवाय झाली. पुढच्या मोसमात मी कठड्यावर फारसा गेलो नाही. गेलो तरी शिक्का मारायला नकार द्यायचो. लोकांना वाटलं वय झालं.

पायावर उभी राहिल्यावर ती गावातल्या चर्चच्या शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी लहान मुलींना शिकवू लागली. सिस्टरनी तिला बोलावलं होतं. प्रार्थना सुटली की बारा-पंधरा मुली चर्चच्या कपड्यांवरच यायच्या, झाडामागे फ्रॉक बदलायच्या. वाडीवाल्यांची नात त्यांत होती, म्हणून मला कळलं. मी तिला बघायला जायला लागलो, लांब उभा राहून. ती शिकवायची फार सुंदर. ओरडायची नाही. एकेका मुलीचा हात धरून चेंडूवर बोटं कशी ठेवायची ते दाखवायची. एखादी मुलगी लंगडली की खेळ थांबवायची, खाली बसायची आणि तिचा गुडघा दाबून बघायची. सिस्टर सांगत होत्या की तिने प्रशिक्षकाच्या कोर्सचा फॉर्म भरून ठेवला आहे, जूनमध्ये जायचं आहे. हे ऐकून मला बरं वाटलं. अनेक महिन्यांनी पहिल्यांदा बरं वाटलं.

एका रविवारी मुली गेल्यावर ती चेंडू जाळीत भरत होती. मी दोन चेंडू उचलून दिले. ती म्हणाली, "काका, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"मी खरंच कोट्यातली होते का? म्हणजे हे झालं नसतं तर?"

तिचं लक्ष जाळीच्या गाठीकडे होतं. मी विचार केला, आणि विचार करून बोललो हीच यातली सगळ्यात वाईट गोष्ट. मला वाटलं, हिला हो म्हटलं तर ही जन्मभर हरवलेल्या गोष्टीचं ओझं वाहील. नाही म्हटलं तर ओझंच राहणार नाही. जे मिळणारच नव्हतं ते गेलं, त्यात काय एवढं? आणि अगदी खरं सांगायचं तर त्या 'नाही'त माझीही सुटका होती. ती मोठी खेळाडू नसेल तर मी फार मोठं काही मोडलं नव्हतं.

"नाही गं," मी म्हणालो. "विद्यापीठापर्यंत ठीक होतीस. पुढे उंची आडवी आली असती. आम्ही आपलं बोलायचं म्हणून बोलायचो. कठड्यावरच्या गप्पा त्या, मनावर घेऊ नकोस."

तिने जाळीची गाठ घट्ट ओढली. मग "बरं झालं सांगितलंत," म्हणाली. जाळी खांद्यावर टाकली आणि लंगडत, म्हणजे आता कायमचं जे थोडंसं लंगडते तसं, शाळेच्या खोलीकडे गेली. मी हलक्या मनाने घरी आलो. बायकोला म्हटलं, आज एक चांगलं काम केलं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. मुली तासभर वाट बघून आपल्याआपण खेळल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग सिस्टरनी निरोप पाठवला, तर तिने उलट निरोप दिला की जमणार नाही. वाडीवाल्यांच्या नातीचे डोळे रडून रडून सुजले.

मी बंदरावर गेलो. बाप जाळं दुरुस्त करत होता. मला बघून त्याने हातातली सुई खाली ठेवली. "काय झालं कळत नाय, साहेब," तो म्हणाला. "कोर्सचा फॉर्म फाडून टाकला. मी विचारलं का, तर बोल्ली, बाबा, ज्याच्यात खेळच नव्हता तो दुसऱ्यांना काय शिकवनार. सगळे उगाच बोलायचे. मी बोल्लो, उगाच कसे बोलतील? साहेब बोल्ले होते ना. तर हसली."

मी तिला काय सांगितलं होतं ते तिने त्याला सांगितलेलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत मी अजून तोच साहेब होतो ज्याला कळतं. बाजूला कोणीतरी पापलेटांचा ढीग लावत होतं, बायका भाव करत होत्या, आणि मी त्या गलक्यात उभा राहून ठरवलं की तिला जाऊन खरं सांगायचं. ती कोट्यातली होती. शंभर टक्के होती. चाळीस वर्षांत या कोर्टावर तिच्यासारखी दुसरी मी पाहिली नाही. हे बापाला सांगून उपयोग नव्हता, तिला तोंडावर सांगायला हवं होतं, गुडघ्याच्या दिवसाबद्दलही आणि रविवारच्या दिवसाबद्दलही.

ती मनवेलपाड्यात एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते असं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी तिथे गेलो. चिंचोळं दुकान, काचेमागे ती, अंगात निळा एप्रन, समोर रांग. मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा तिने वर पाहिलं आणि दचकली नाही.

"काका, रिपोर्ट घ्यायचाय का?"

"नाही. तुझ्याशी बोलायचंय. त्या रविवारी मी तुला जे सांगितलं ते..."

तिने हात जरा वर केला. जसं लहान मुलींना थांबवायची तसाच, रागावून नाही.

"काका, तुम्ही माझ्याबद्दल तीनदा बोललात. पहिल्यांदा बोललात, तेव्हा मी पहाटे उठून पळायला लागले. दुसऱ्यांदा बोललात, तेव्हा डावीकडून गेले. तिसऱ्यांदा बोललात, तेव्हा फॉर्म फाडला. मी प्रत्येक वेळी तुमचं ऐकलंय." ती थांबली. "आता तुम्ही चौथं काहीतरी सांगायला आलाय, आणि मी तेपण ऐकेन. म्हणून प्लीज नका सांगू."

मी काचेवर हात ठेवून उभा होतो. सांगायचं होतं ते दोनच शब्दांचं होतं: कोट्यातली होतीस. माझ्या मागच्या बाईंनी कागद पुढे केला, तिने हात लांब करून तो घेतला आणि त्यांना विचारलं, "उपाशीपोटी आलात ना?" मी बाजूला झालो.